दोन रिपोर्ट आणि दोन्हीत 'कोकस'. घरात एकच जंतू फिरतोय का?

सिडकोकर_ताई

नमस्कार मंडळी. डोकं भणभणलंय म्हणून इथे लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्या ह्यांना चार महिन्यांत तिसऱ्यांदा गळू झालंय. पहिलं मानेवर, दुसरं काखेत, आणि आता मांडीवर एवढं टरारलं की अंबडला कंपनीत जायला गाडीवर बसता येईना. पहिल्या दोन वेळी मेडिकलमधून मलम आणि कसल्यातरी गोळ्या आणल्या, फुटलं, बसलं, विसरलो. ह्यावेळी डॉक्टरांनी चिरा दिला, पू काढला आणि थोडा कल्चरला पाठवला. रिपोर्टमध्ये आलंय स्टॅफायलोकोकस ऑरियस.

हे चालू असतानाच धाकटीचा घसा धरला. ८ वर्षांची आहे. ताप १०२, गिळताना रडायची, खोकला सर्दी काही नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली गाठी. मुलांच्या डॉक्टरांनी घशातून कापसाच्या काडीने नमुना घेतला, त्यात आलं बीटा हिमोलिटिक स्ट्रेप्टोकोकस ग्रुप ए. अमॉक्सिसिलिन दिलंय, पूर्ण १० दिवस. आज तिसरा दिवस आहे आणि पोरगी टुणटुणीत, सकाळपासून कॉलनीत सायकल फिरवतेय. सासूबाई म्हणतात बंद कर, उगाच पोरीला गरम पडतं.

तर प्रश्न असे की हा एकच जंतू आहे का? दोन्हीत कोकस लिहिलंय. बापाचं लेकीला लागलं का? आणि औषध बंद केलं तर काय होईल? डॉक्टरांना विचारलं असतं पण त्यांच्याकडे बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात, दोन मिनिटांत बाहेर.

---

स्लाइडवाली

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. लेकीचं औषध बंद करू नका. बाकीचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

आता कोकस. मी नाशिकातच लॅबमध्ये १९ वर्षं काढली, आता घरी आहे, त्यामुळे हा माझा आवडता विषय, थोडं सहन करा. कोकस म्हणजे गोल दाणा, ग्रीक शब्द आहे. जंतूचा आकार गोल एवढंच तो सांगतो. आपल्याकडे 'राव' लावलं म्हणजे सगळे एका घरचे होत नाहीत ना, तसंच. पुढचा शब्द महत्त्वाचा. स्टॅफायलो म्हणजे द्राक्षाचा घड. स्ट्रेप्टो म्हणजे वळलेली साखळी, माळ म्हणा हवं तर. स्टॅफायलोकोकस हे नाव ऑग्स्टन नावाच्या स्कॉटलंडच्या सर्जनने दिलं. त्याने १८८० च्या सुमारास गळवांतला पू मायक्रोस्कोपखाली बघितला आणि त्याला त्यात घडच्या घड दिसले. ऑरियस म्हणजे सोनेरी, कारण प्लेटवर त्याच्या वसाहती पिवळसर सोनेरी उगवतात. म्हणजे सोनेरी द्राक्षाचा घड! नाशिककरांनी हे नाव विसरायचं कारणच नाही.

आम्ही काय करतो ते सांगते. पू काचेवर पसरायचा, सुकवायचा, स्लाइड दोनतीनदा ज्योतीवरून फिरवायची म्हणजे चिकटून बसतो. मग जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुवायचं आणि शेवटी लाल रंग. ह्याला ग्रॅम स्टेन म्हणतात, १८८४ ची पद्धत आणि अजून रोज तीच. ज्यांची भिंत जाड ते जांभळा रंग सोडत नाहीत, बाकीचे धुतले जातात आणि मग गुलाबी दिसतात. घडवाले आणि माळवाले दोघंही जांभळे. एक दाणा साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग, तेल टाकून हजारपट मोठं करून बघायला लागतं.

पण नुसतं बघून भागत नाही कारण पुवात माळ तुटलेली असते, घड विस्कटलेला असतो, नवीन पोरं हमखास फसतात. मग रक्ताच्या प्लेटवर वाढवायचं, रात्रभर ३७ डिग्रीला. सकाळी प्लेट उजेडाकडे धरली की तुमच्या लेकीच्या जंतूच्या बारीक टाचणीएवढ्या ठिपक्याभोवती लाल रंग गायब होऊन काचेसारखं स्वच्छ कडं दिसतं. रक्तपेशी फोडतो तो, त्यालाच बीटा हिमोलिटिक म्हणतात. मग त्या ठिपक्यावरचा कण उचलायचा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात टाकायचा. घडवाला असेल तर फसफसून बुडबुडे, माळवाला असेल तर ढिम्म. उचलताना खालचं रक्त आलं तर रक्तानेच फसफसतं आणि चुकीचा रिपोर्ट जातो, ह्यावरून मी ट्रेनिंगमध्ये दणकून बोलणी खाल्लीत.

तर दोन वेगळे जंतू. बापाच्या मांडीतला लेकीच्या घशात गेलेला नाही. तिला शाळेत कुणाच्यातरी शिंकेतून किंवा उष्ट्या बाटलीतून मिळाला असणार.

---

निफाडचा_बागायतदार

म्हणजे आम्ही वर्षभर घड मोजतो आणि हे बेणं फुकट घड लावून बसतं 😄 छाटणी नाही, फवारणी नाही.

जोक सोडा, ताई, तुमच्या मिस्टरांची शुगर तपासली का? विचारायचं कारण म्हणजे आमच्या वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणतो, दोन वर्षांपूर्वी पाठीवर मानेखाली असंच आलं. ऐन ऑक्टोबर छाटणीचे दिवस, मजूर मिळत नव्हते, त्यामुळे दादांनी आठवडाभर कुणाला सांगितलंच नाही, वर शर्ट आणि त्यावर उपरणं. शर्ट काढून बघितलं तेव्हा हाताच्या पंजाएवढं कडक लाल आणि त्याला चाळणीसारखी पाच सहा तोंडं, प्रत्येकातून पू. जुनी माणसं ह्याला काळपुळी म्हणतात. नाशिकला नेलं तर शुगर ३८०. दादांना शुगर आहे हे घरात कुणालाच माहिती नव्हतं, त्यांना स्वतःला पण नाही. भूल देऊन सगळं खरवडून काढलं आणि दीड महिना रोज ड्रेसिंग, मी निफाडवरून रोज गाडीवर. डॉक्टर म्हणाले की साखर वाढलेली असली की अंगातले सैनिक आळशी होतात आणि ह्या जंतूला रान मोकळं मिळतं. चार महिन्यांत तीन गळवं म्हणजे शुगर बघाच.

---

पंचवटीकर_काका

एवढं काय घाबरायचं. आमच्या लहानपणी केसतोड झालं की आई गव्हाच्या पिठाचं हळद घालून गरम पोटीस बांधायची नाहीतर भाजलेला कांदा. दोन दिवसांत पिकून फुटायचं, आतलं मूळ निघालं की काम खलास. कल्चर बिल्चर कुणाला माहिती होतं. रांजणवाडीला लवंग उगाळून लावायची. आजकाल शिंक आली तरी अँटिबायोटिक.

---

स्लाइडवाली

काका, शेकाला माझा विरोध नाहीच. लहान केसतोडाला दिवसातून तीन चार वेळा स्वच्छ कापड गरम पाण्यात बुडवून दहा पंधरा मिनिटं शेकलं तर ते लवकर तोंड करतं आणि बऱ्याचदा गोळीसुद्धा लागत नाही. मोठं गळू असेल तर चिरा देऊन पू काढणं हाच मुख्य उपचार, गोळ्या त्यानंतर. साचलेल्या पुवात औषध पोचतच नाही नीट. कांद्याने जंतू मरतो असं नाही, गरमपणाचा उपयोग होतो. रांजणवाडी पण ह्याच घडवाल्याची करामत, पण डोळ्याशी लवंग उगाळू नका हो, भाजेल, तिथे कोमट शेक पुरे.

दाबायचं मात्र नाही. नाकाच्या शेंड्यावर, वरच्या ओठावर तर बिलकुल नाही. तिथल्या शिरा डोळ्यामागून मेंदूजवळच्या मोठ्या शिरेला मिळतात. लग्न दोन दिवसांवर आलं म्हणून नाकावरची पुळी नखाने फोडून डोळा सुजून ॲडमिट झालेला मुलगा आमच्याकडे होता, त्याच्या रक्ताच्या बाटलीत मीच हा घड बघितलाय. वाचला तो, पण लग्नाची तारीख गेली.

आणि ताई, मेडिकलमधलं ते मलम कुठलं होतं? बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, लाली उतरते म्हणून बरं वाटतं आणि आत जंतू आरामात.

---

झडपवाली

मी इथे फक्त वाचते, लिहित नाही, पण ताईंच्या सासूबाईंचं वाक्य वाचून राहवलं नाही.

मी सिन्नरजवळच्या गावातली. दहा वर्षांची असताना घसा दुखायचा सारखा, आई मिठाच्या गुळण्या द्यायची, हळदीचं दूध द्यायची, दोन चार दिवसांत बरं वाटायचं. एकदा असंच बरं वाटलं आणि दोन अडीच आठवड्यांनी गुडघा सुजला. मग गुडघा उतरला आणि घोटा धरला, मग मनगट. आज इथे उद्या तिथे. घरी म्हणायचे वाढीचं दुखणं आहे. शाळेतली बाई म्हणाली नाटकं करते. एका डॉक्टरने संधिवात म्हणून नुसत्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. सांधे एकदम बरे झाले, काही म्हणजे काही राहिलं नाही, म्हणून सगळे विसरले.

पुढे लग्न झालं, दिवस राहिले आणि सातव्या महिन्यात जिना चढताना दम लागायला लागला, रात्री उशा लावून बसून झोपायचे. इको केला तर हृदयाची डावी झडप आकसलेली, मायट्रल. तेव्हा पहिल्यांदा रूमॅटिक फीवर हा शब्द ऐकला. घशातला तो माळवाला जंतू स्वतः हृदयात जात नाही म्हणे, त्याच्याशी लढायला शरीर जी हत्यारं बनवतं ती चुकून आपल्याच झडपेवर आणि सांध्यांवर चालतात. त्यामुळे घसा बरा झाल्यावर हे सुरू होतं आणि कुणाच्या लक्षातच येत नाही की घशाचा आणि ह्याचा काही संबंध आहे.

बाळंतपण कसंबसं पार पडलं, नंतर फुग्याने झडप उघडली. तेव्हापासून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, १२ लाख युनिट, कमरेत. ज्याला माहिती आहे त्याला माहिती आहे. सुई जाड, औषध दाट, दोन दिवस त्या कुशीवर झोपता येत नाही. आधी थोडंसं टोचून रिअॅक्शन येते का बघतात. कॅलेंडरवर गॅसच्या नंबराशेजारी माझ्या इंजेक्शनची तारीख असते. हे सगळं चुकवायला दहा दिवसांच्या गोळ्या पुरल्या असत्या हो. तुमच्या पोरीला वेळेत कळलंय, नमुना घेणारा डॉक्टर मिळालाय. सासूबाईंना माझी पोस्ट वाचून दाखवा.

---

सिडकोकर_ताई

वाचून दाखवली. दोनदा. काही बोलल्या नाहीत पण संध्याकाळी स्वतःच बाटली हलवून चमच्यात औषध ओतून पोरीला दिलं. झडपवाली ताई, तुमचे कसे आभार मानू कळत नाही.

आता नवीन घोळ. ह्यांच्या रिपोर्टमध्ये औषधांची यादी आहे, पुढे एस नाहीतर आर लिहिलंय. पेनिसिलिनपुढे आर. एरिथ्रोमायसिन आर. सेफॉक्सिटिन एस, क्लिंडामायसिन एस, लिनेझोलिड एस. आर म्हणजे लागू पडत नाही असं गुगल म्हणतं. मग अमॉक्सिसिलिन तर पेनिसिलिनच्याच जातीचं ना? ते मुलीला कसं चालेल? आणि एमआरएसए म्हणतात ते हेच का, त्याचं वाचून झोप उडाली.

---

स्लाइडवाली

प्रश्न भारी विचारलात, निम्मे लोक इथपर्यंत येतच नाहीत.

सेफॉक्सिटिनची चकती, म्हणजे औषध लावलेला कागदाचा गोल तुकडा, आम्ही प्लेटवर लावतो तीच मुळी एमआरएसए ओळखायला. तिथे एस आहे म्हणजे एमआरएसए नाही, झोपा निवांत. पेनिसिलिनपुढचा आर बघून घाबरू नका, घडवाल्याच्या रिपोर्टमध्ये तो इतक्यांदा येतो की एस आला तर आम्ही एकमेकींना बोलावून दाखवायचो. गंमत अशी की १९२८ साली लंडनमध्ये फ्लेमिंगच्या ज्या प्लेटवर बुरशी पडली आणि पेनिसिलिनचा शोध लागला त्या प्लेटवर हाच जंतू वाढवलेला होता! बुरशीच्या आसपासचे घड विरघळून गेलेले. म्हणजे पेनिसिलिनचा पहिला मार खाल्ला तो ह्याने, आणि शिकला पण हाच. पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम बनवायला लागला. मग १९५९ मध्ये मेथिसिलिन आणलं जे त्या एन्झाइमने तुटत नाही, तर १९६१ मध्ये इंग्लंडात त्यालाही न जुमानणारे सापडले. त्याचंच नाव एमआरएसए.

आणि तुमच्या लेकीच्या घशातला माळवाला? त्याचं बरोबर उलटं. एवढी वर्षं पेनिसिलिन वापरतोय पण ग्रुप ए चा पेशंटमधून मिळालेला एकही जंतू असा नाही की ज्याच्यावर पेनिसिलिन चालत नाही. का, ह्यावर मोठमोठे लोक डोकं खाजवतायत. म्हणून त्याला साधं स्वस्त औषध चालतं. उलट तीन दिवसांची अझिथ्रो जी सगळीकडे वाटली जाते तिला न जुमानणारे माळवाले सापडतात. दोघंही गोल, दोघंही जांभळे, पण एकाचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही. म्हणून बापाच्या उरलेल्या गोळ्या लेकीला असला प्रकार घरात करू नका.

एक सांगून ठेवते, सगळे घसे असे नसतात. मुलांच्या दुखऱ्या घशांत हा जंतू शंभरात वीस तीस वेळा, बाकी बहुतेक व्हायरस, त्याला अँटिबायोटिक देऊन फायदा शून्य. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय तर बहुतेक व्हायरसच. काका म्हणतात ते शिंकेला अँटिबायोटिक नको हे बरोबरच आहे. तुमच्या लेकीला खोकला नव्हता, ताप, पांढरे ठिपके, गाठी, ही खूण होती, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर हेरलं.

पुढचे तीन चार आठवडे तेवढं लक्ष ठेवा. सांधा सुजला, धाप लागली, किंवा सकाळी डोळ्यांखाली सूज आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर लगेच दाखवा. शेवटचं ते किडनीचं, हाच माळवाला मागे ठेवून जातो. औषध घेतलंय त्यामुळे झडपेची काळजी जवळपास मिटली, पण किडनीचं औषधाने टळेलच असं नाही.

---

केटरर_नाशिकरोड

लॅबवाल्या ताईंना एक विचारतो. आमच्या हाताखालच्या एका आचाऱ्याच्या अंगठ्याला नखाजवळ पू झालेला. मी म्हटलं घरी जा, तर म्हणतो रुमाल बांधतो, आणि तसं पण सगळं उकळतंच ना मालक. बासुंदी होती तीनशे पानांची. उकळलं की जंतू मरतो ना? मी त्याला घरी पाठवला पण बाकीची पोरं मला येडं समजली.

---

स्लाइडवाली

तुम्ही केलंत ते शंभर टक्के बरोबर. उकळून जंतू मरतो हे खरं, पण बासुंदी आटवून झाल्यावर गार करताना, वाटीत ओतताना, वरून बदाम घालताना हात लागतो ना. मग ती तीनचार तास बाहेर मांडवात. तेवढ्यात घडवाला वाढतो आणि दुधात विष सोडतो. ते विष इतकं चिवट की अर्धा तास उकळलं तरी मोडत नाही. म्हणजे नंतर गरम करून वाढली तरी जंतू मेलेला, विष शाबूत. जेवल्यावर एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू, ताप फारसा नाही, वरातीतली माणसं एकामागोमाग एक. चव बदलत नाही, वास येत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. नुसता रुमाल बांधून काम नाही भागत.

---

निफाडचा_बागायतदार

ताई अजून एक, हे सारखं सारखं येतंच कुठून? दादांना पुन्हा दोनदा बारीक पुळ्या आल्या, शुगर आता बरी असून.

---

स्लाइडवाली

नाकातून. दहा निरोगी माणसांतल्या साधारण तिघांच्या नाकपुडीत हा घडवाला मुक्कामाला असतो, त्रास काही नाही. बोट नाकात, तेच बोट खाजवलेल्या पुळीवर, दाढी करताना कापलं तिथे. सारखी गळवं येत असतील तर डॉक्टर नाकात लावायचं म्युपिरोसिनचं मलम देतात, सहसा दिवसातून दोनदा पाच दिवस, आणि अंगाला जंतुनाशक साबण. कधीकधी घरातल्या सगळ्यांना एकदम, नाहीतर एकाचा दुसऱ्याला देत बसतो. पण मनाने आणून लावू नका, त्यालाही आता हा शिकायला लागलाय. टॉवेल आणि रेझर प्रत्येकाचा वेगळा. हे मनावर घ्या, बाकी सगळं नंतर.

---

गंगापूररोड_आजोबा

माझं वय ७१. मला डॉक्टर न्युमोनियाची लस घ्या म्हणतात, न्यूमोकोकल. तो पण ह्यांच्यातलाच का?

---

स्लाइडवाली

हो काका, तो जोडीने राहतो, दोन दाणे टोकाला टोक लावून, जांभळेच. न्युमोनिया, कानाचं दुखणं, मेंदूज्वर तिन्ही करतो. लहान बाळांना आता सरकारी लसीकरणात ह्याची लस फुकट मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. वय झालेल्यांनी डॉक्टर म्हणत असतील तर घ्यावी. जोडीवाले अजून दोघं आहेत, गुलाबी रंगाचे, राजम्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवल्यासारखे. एक मेंदूज्वराचा आणि दुसरा परम्याचा. दुसऱ्याबद्दल लोक लॅबमध्ये पण कुजबुजतच विचारतात म्हणून इथेही एवढंच.

---

सिडकोकर_ताई

आठवडा झाला, अपडेट देते. पोरीचे दहा दिवस आज संपले, एकही डोस चुकला नाही, सासूबाईंनी कॅलेंडरवर रेघा मारल्या होत्या. बाथरूममध्ये चार खिळे, चार टॉवेल, धाकटीने तिच्या टॉवेलवर नेलपॉलिशने फूल काढलंय म्हणजे बाबा घेणार नाहीत.

ह्यांची उपाशीपोटीची शुगर १६८ आली. हे म्हणतात आदल्या रात्री मित्राच्या वाढदिवसाला केक खाल्ला होता त्यामुळे आली असेल, पुढच्या महिन्यात बघू.

---

निफाडचा_बागायतदार

दादा पण हेच म्हणायचे, केकच्या जागी बेदाणे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट असते, एचबीए१सी, त्याला उपाशी राहावं लागत नाही आणि आदल्या रात्रीचा केक पण त्यात लपत नाही. उद्याच करून टाका.